बेडकांच्या टोप्या आणि न हलवलेली बाटली

संपादकांचे पत्र आले तेव्हा ते दुसऱ्या कोणासाठी असावे आणि चुकून माझ्या पत्त्यावर पडले असावे, अशी दोन दिवस माझी खात्री होती. तिसऱ्या दिवशी धीर करून फोन केला. पत्र माझ्यासाठीच होते. तरीही आपल्या कामाविषयी दिवाळी अंकात लिहिण्याचा अधिकार ज्यांनी त्या कामात हयात घालवली त्यांचाच असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. माझे काम अवघे साडेआठ वर्षांचे, तेही बावन्नाव्या वर्षी हाती घेतलेले आणि अद्याप पूर्ण न झालेले. शिवाय ते बेडकांविषयी आहे. फराळाची बशी शेजारी असताना बेडकांविषयी वाचावे लागणार, याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. बशी रिकामी करून मग वाचले तरी माझी हरकत नाही.

त्याआधीची सत्तावीस वर्षे मी वडनेरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. मुले मार्गी लागल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वर्ध्याच्या एका महाविद्यालयात पीएच.डी.साठी नाव नोंदवले. मार्गदर्शक म्हणून लाभले ते डॉ. प्रशांत. हे गृहस्थ वडनेरला माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असत. त्यामुळे पहिले वर्ष आमचे संबोधनातच गेले.

"बाई, तुम्ही मला सर नका म्हणू हो. कसंतरीच वाटतं."

"बरं, सर," मी म्हणाले.

ते मला बाई म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि दारातून आत शिरताना आम्ही दोघे एकमेकांसाठी थांबतो. अशा वेळी आमचे प्रयोगशाळा परिचर देवरावभाऊ मधून निघून जातात. देवरावभाऊ माझ्याच वयाचे, केळझरचे. पहाटे घरची वांगी आणि टमाटर बाजारात पोचवायचे आणि दहाच्या ठोक्याला बेडकांच्या टाक्या धुवायला हजर राहायचे, हा त्यांचा नेम.

आमचे बेडूक आफ्रिकी आहेत. पायांना नखे असलेले, जन्मभर पाण्यातच राहणारे आणि चेहऱ्यावरून किंचित तुच्छतेने पाहणारे. त्यांना वीस अंशांच्या आसपासचे पाणी लागते. वर्ध्याच्या मे महिन्याला ही गोष्ट कोणी सांगितलेली नाही. एकदा खोलीचे वातानुकूलन बंद पडले, तेव्हा देवरावभाऊंनी रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी सायकलवर बांधून आणली आणि टाक्यांभोवती रचता रचता म्हणाले, "आमच्या घरचा कूलर दोन सालापासून बंद हाय, अन् यायले पाहा, बर्फ!"

लोकांना आमच्याविषयी कुतूहल असते. एका वर्षी पाऊस लांबला होता. धोंडी काढायची म्हणून जवळच्या गावातल्या चार-पाच बाया थेट आमच्या दाराशी आल्या. निंबाच्या डहाळ्या नेसलेली मुले, काठीला बांधलेला बेडूक आणि दारोदार ओतले जाणारे पाणी, हे या भागात कोणाला नवे नाही. गावात त्या वर्षी बेडूकच सापडत नव्हता आणि महाविद्यालयात बेडूक भरपूर आहेत असे त्यांच्या कानावर गेले होते. आमच्या प्रत्येक बेडकाची नोंद प्राण्यांवरील प्रयोगांच्या समितीकडे असते, तो उसना देता येत नाही, हे मी अतिशय सविस्तर आणि, मला वाटते, मुद्देसूद सांगितले. त्या जागच्या हलल्या नाहीत.

मग देवरावभाऊ पुढे झाले. "अवो माय, हे आफ्रिकेचे हाय. यायले बांधून फिरवलं तं पाऊस तिकडं पडन."

बाया तत्काळ परतल्या. सत्तावीस वर्षे शिकवूनही मला स्पष्टीकरण देता येत नाही, असे तेव्हा प्रथम वाटले.

तरीही कामाविषयी थोडे स्पष्टीकरण द्यावेच लागेल. ते शक्य तितके देवरावभाऊंच्या पद्धतीने देते.

बेडकाचा गर्भ सुरुवातीला मोहरीच्या दाण्याएवढा असतो. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढुरका. वरच्या तपकिरी भागातल्या पेशींपुढे दोन वाटा असतात. काहींची पुढे कातडी होते, काहींचे मेंदू आणि मेरुरज्जू. सुरुवातीला या पेशी सगळ्या सारख्याच. मग कोणती काय होणार, हे कसे ठरते? प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागत नाहीत. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रे पुष्कळ असतात. त्यांपैकी आज कोणती चालवायची आणि कोणती बंद ठेवायची, हे मुकादम सांगतो. पेशीतही असे मुकादम असतात. ती प्रथिने असतात, आणि त्यांचे काम इतर जनुकांना चालू-बंद करणे एवढेच. कातडीचे मुकादम वेगळे, मेंदूतल्या चेतापेशींचे वेगळे, आणि दोहोंच्या सीमेवर बसणारे आणखी वेगळे. सीमेवरचे मुकादम, सीमेवरच्या सगळ्याच माणसांप्रमाणे, संशयास्पद असतात. माझा अभ्यास त्यांच्यापैकी एकाचा.

आता या मुकादमांना कोण सांगते? पुष्कळ अंशी शेजारणी. तपकिरी भागातल्या पेशी एकमेकींना सतत एक रासायनिक निरोप धाडत असतात की, कातडी हो, कातडी हो. निरोप पोचला की कातडीचे मुकादम जागे होतात. तो वाटेत अडला, तर पेशी चेतापेशी होते. मेंदू होण्यासाठी तिला मुद्दाम काही शिकवावे लागत नाही. कातडी होण्याचा आग्रह तेवढा थांबावा लागतो. हे प्रथम वाचले तेव्हा शाळेतली अनेक मुले माझ्या डोळ्यांपुढून गेली, आणि मी त्यांना सतत काय सांगत होते हे आठवून पुस्तक मिटले.

आम्ही गर्भाचा वरचा तपकिरी भाग टोपीसारखा कापून घेतो. त्याला टोपीच म्हणतात. नुसती टोपी मिठाच्या विशिष्ट पाण्यात ठेवली की तिची गोळी होते, तिच्यावर बारीक केस उगवतात आणि ती बशीत स्वतःभोवती फिरू लागते. ही झाली कातडी. पण गर्भ दोन पेशींचा असतानाच काचेच्या सुईने त्यात एखाद्या मुकादमाची चिठ्ठी, म्हणजे तो तयार करण्याची रासायनिक सूचना, टोचली, तर टोपीतल्या पेशी तो मुकादम तयार करतात, आणि मग टोपीचे काय होते ते पाहता येते. चेतापेशी झाल्या असतील तर रंग दिल्यावर त्या जांभळ्या दिसतात.

खसखशीएवढी टोपी कापायला बाजारात सुरी मिळत नाही. तिच्यासाठी भुवईचा केस लागतो. काचेच्या नळीच्या टोकाला तो चिकटवायचा आणि त्याने कापायचे. माझ्या भुवया आधीच विरळ. दोन वर्षांत त्यांची स्थिती चिंताजनक झाली. देवरावभाऊंनी उदारपणे आपल्या मिशीचा केस देऊ केला, पण त्याने गर्भाची टोपी न निघता गर्भच सरकत गेला. शेवटी सरांनी आपली डावी भुवई संशोधनाला दिली. त्यांच्या घरी याविषयी विचारणा झाली असे ऐकले.

माझा हात संथ आहे. टोप्या कापायला मिळतो जेमतेम एक तास. त्यानंतर गर्भ पुढे निघून जातो. म्हणून सरांनी व्यवस्था लावून दिली. दोघांनी शेजारी बसायचे. चिठ्ठी टोचलेल्या गर्भांच्या टोप्या मी कापायच्या, आणि तुलनेसाठीच्या न टोचलेल्या साध्या टोप्या त्यांनी. "मुख्य काम तुमच्या हातून व्हायला पाहिजे, बाई," ते म्हणाले. त्यांचे मिठाचे द्रावण त्यांच्या बाटलीत, माझे माझ्या. संध्याकाळी सगळ्या टोप्या त्यांच्याच द्रावणात, पण आपापल्या बशीत ठेवायच्या.

तीन वेळा हा प्रयोग केला. तिन्ही वेळा सरांच्या टोप्या फिकट राहिल्या आणि माझ्या जांभळ्या झाल्या. कडेला किंचित जांभळ्या नव्हेत, तर वांग्यासारख्या जांभळ्या. सीमेवर बसणारा आमचा मुकादम एकट्याच्या बळावर कातडीचा मेंदू करत होता. असे काही निघेल असे कोणालाच वाटले नव्हते. सर उडालेच. "बाई! हे पाहा ना! हे पाहून राह्यले ना तुम्ही?" एरवी शुद्ध बोलणारे सर आनंदाच्या वेळी वडनेरला परततात. शोधनिबंध लिहून झाला. सोमवारी तो पाठवायचा आणि महिन्याअखेर माझा प्रबंध सादर करायचा, असे ठरले. सरांनी पेढे आणले. प्रयोगशाळेत खाणे वर्ज्य असल्याने आम्ही ते बाहेर जिन्यात उभे राहून खाल्ले. एकोणसाठाव्या वर्षी आपण काहीतरी शोधले, हा विचार मला इतका अवघडवणारा होता की मी घरी तो सांगितलाही नाही.

शुक्रवारी दुपारी देवरावभाऊ बाटल्या धूत होते.

"बाई, एक गोष्ट इचारू का?"

"विचारा ना."

"सरच्या बाटलीच्या बुडाले काईच नसते. तुमच्याच बाटलीले बुडाशी चुना काऊन राह्यते?"

"पाणी जड आहे आपल्याकडचं," मी म्हणाले.

"पाणी तं दोघायचं एकच हाय. डिस्टिलवालं."

मी मान डोलावली आणि लिहीत राहिले. ओळ पूर्ण करून पेन खाली ठेवले.

आमच्या भागात पाणी निवळून घेण्याची सवय अंगात मुरलेली असते. वडनेरला आमच्या घरी बोअरचे पाणी रात्री गुंडात, म्हणजे पितळेच्या हंड्यात, भरून ठेवायचे, सकाळी न हलवता वरचे तेवढे ओतून घ्यायचे आणि तळाचा पांढरा गाळ अंगणात टाकायचा, हे मी लग्न झाल्यापासून करत आले. जी बाई गुंड हलवते ती आळशी, असे आमच्या सासूबाई म्हणत. आमचे मिठाचे द्रावण दहापट दाट करून साठवलेले असते. त्यातले कॅल्शियम हळूहळू तळाशी पांढरे बसते. सरांच्या लेखी सूचनेत पहिलेच वाक्य आहे, बाटली चांगली हलवून मग द्रावण पातळ करावे. ते मी वाचले होते, पाठही होते. आणि गेली चार वर्षे प्रत्येक वेळी माझ्या हातांनी बाटली अलगद उचलून वरचे नितळ पाणी ओतून घेतले होते. आपण असे करतो, हे मला ठाऊकच नव्हते.

पेशींना एकमेकींना धरून ठेवायला कॅल्शियम लागते. ते नसेल तर त्यांचे हात सुटतात. आणि हात सुटलेल्या पेशींना शेजारणींचा निरोप पोचत नाही.

म्हणजे माझ्या टोप्यांचा मेंदू बहुधा मुकादमाने केलाच नव्हता. तो माझ्या सासूबाईंनी केला होता.

शनिवारी मी सरांना न सांगता साध्या, काहीही न टोचलेल्या टोप्या कापल्या. "सराव करते," असे सांगितले. सात वर्षांत मी त्यांच्याशी बोललेली ही पहिली खोटी गोष्ट. अर्ध्या टोप्या माझ्या पाण्यात ठेवल्या, अर्ध्या त्यांच्या. अर्ध्या तासात सरांच्या पाण्यातल्या टोप्यांच्या घट्ट गोळ्या झाल्या. माझ्या पाण्यातल्या टोप्या मात्र पाक कच्चा राहिलेल्या लाडवांसारख्या सैल पडल्या, कडेने पेशी सुटू लागल्या. रंग यायला चार दिवस लागणार होते, पण मला तो तेव्हाच दिसला.

खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. टोप्या अशा सैल पडताना मी आधीही पाहिल्या होत्या. तिन्ही प्रयोगांत पाहिल्या होत्या. आणि प्रत्येक वेळी मनात म्हटले होते, माझाच हात वाईट. सरांना कशाला सांगायचे. आयुष्यभर ज्याला लोक माझा विनय म्हणत आले, त्याच्या आड चार वर्षे एक पुरावा लपून राहिला. थोडीशी गर्विष्ठ असते तर पहिल्याच दिवशी म्हटले असते, "माझा हात उत्तम आहे, पाण्यात काहीतरी दोष आहे."

रविवारी सरांच्या घरापर्यंत गेले आणि फाटकावरून परत आले. तोंडाने सांगणे जमणार नव्हते. मग जे सत्तावीस वर्षे केले तेच केले. अर्ज लिहिला. तीन पाने. "विषय: बाटली न हलवल्याबाबत." त्यात एक वाक्य होते, "द्रावण नितळ करून वापरले गेले." कोणी वापरले, हे त्या वाक्यात नव्हते. ते मी दोनदा वाचले आणि तसेच ठेवले.

सोमवारी सकाळी निबंध पाठवण्यासाठी सर संगणकासमोर बसलेले असताना मी अर्ज पुढे ठेवला. "माननीय महोदय" एवढे वाचून ते उभे राहिले.

"बाई, तुम्ही सोडून चालल्या का?"

"नाही, सर. पुढे वाचा."

त्यांनी पहिले पान वाचले, दुसरे वाचले. देवरावभाऊ टाकीशी होते, त्यांचे ब्रश घासणे थांबले.

"हे निवळून घेणं," सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "देवरावभाऊंनी केलं का?"

मी गप्प राहिले. फार तर दोन श्वासांइतका वेळ. पण तेवढ्यात देवरावभाऊंनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या बघण्यात तक्रार नव्हती. असेच होत असते, हे त्यांना जणू ठाऊकच होते. या लेखातले काही पुसता आले असते, तर मी बाटली पुसली नसती. ते दोन श्वास पुसले असते.

"मी केलं," मी म्हणाले. "प्रत्येक वेळी मीच. देवरावभाऊंनीच तर दाखवून दिलं."

सर खाली बसले. अर्जाची पाने त्यांनी संगणकाशेजारी ठेवली. पडद्यावर पाठवण्याचे बटण तिथेच होते. त्यांच्या बढतीची मुलाखत त्याच वर्षी होती, आणि हा निबंध तिच्यासाठी किती मोलाचा होता, हे मला माहीत होते. एकाएकी ते हसू लागले. पण ते आनंदाचे हसणे नव्हते.

"बाई, आठवीत तुम्ही मले कांद्याच्या पेशीच्या चित्राले शून्य देल्लं होतं. आठवते?"

मला आठवत नव्हते.

"मी पुस्तकातून काढलं होतं ते. भिंगाखाली मले काईच दिसत नव्हतं, खरं सांगतो. तुम्ही म्हणाल्या, दिसलं नाही तर कोरा कागद दे. त्याचे दोन मार्क देईन."

"दिले असते," मी म्हणाले.

"आता द्या मग दोन," ते म्हणाले, आणि त्यांनी संगणक बंद केला.

चार दिवसांनी रंग आला. माझ्या पाण्यातल्या साध्या टोप्या, ज्यांत कोणीही काहीही टोचले नव्हते, जांभळ्या झाल्या होत्या. विलग केलेल्या पेशी आपण होऊन मेंदूच्या वाटेला लागतात, ही गोष्ट जगाला फार वर्षांपासून माहीत आहे. आमच्या वाचनातही ती होती. फक्त ती आमच्याच बशीत चालली असेल, असे आमच्या मनात आले नव्हते. पुढचे दीड वर्ष आम्ही सगळे प्रयोग बाटली हलवून नव्याने केले. बाटली हलवण्याचे काम आता देवरावभाऊंकडे आहे आणि ते ती अशी हलवतात की काच फुटेल. "झालं का समाधान?" असे मला विचारून मगच खाली ठेवतात. सरांची बढती एक वर्ष पुढे गेली. त्यांनी तो विषय माझ्यापुढे कधी काढला नाही, म्हणून मीच इथे काढते आहे.

आमचा सीमेवरचा मुकादम अगदीच निरुपयोगी ठरला नाही. शेजारणींनी एकमेकींचे हात धरलेले असतानाही तो टोपीच्या एका कडेला थोडा जांभळा डाग पाडतो. बहुतेक टोपी मात्र कातडीच राहते. खरे म्हणजे सीमेवर बसणाऱ्याने एवढेच करावे अशी अपेक्षा होती, आणि तो तेवढेच करतो. याला कोणी पेढे वाटत नाही.

प्रबंध आता तयार आहे. पाच प्रकरणे आहेत, आणि चौथे पूर्णपणे त्या बाटलीविषयी. चार वर्षे काय केले, काय पाहिले, पाहूनही काय सांगितले नाही, सगळे एकवीस पानांत लिहिले आहे. सरांचे मत असे की पद्धतीच्या भागात "द्रावण हलवून घ्यावे" एवढी एक ओळ पुरेशी आहे. परीक्षकांच्या हाती आपण होऊन काठी कशाला द्यायची. "पण प्रबंध तुमचा आहे, बाई. तुम्ही ठरवा," असेही ते म्हणाले. देवरावभाऊंचे मत उलट आहे. "राहू द्या जी सगळंच. उद्या कोणी दुसरी बाई गुंड निवळून घेणारी आली तं तिले कसं समजन?" ते प्रकरण ठेवले तर परीक्षक मला पदवी देतील की नाही, याची खात्री नाही, काढले तर बहुधा देतील. मी एकसष्टीच्या उंबरठ्यावर आहे, आणि प्रबंध छापणाऱ्याने भाऊबीजेपर्यंतची मुदत दिली आहे.

आपण माझ्या जागी असता, तर चौथे प्रकरण ठेवले असते का?